पिवळ्या दिव्यावरची टिकली

साक्रीहून सुरतेला जाणं हा काही वर्णन लिहावं असा प्रवास नव्हे. आमच्या तालुक्यात दर दुसऱ्या घरातलं कोणी ना कोणी तिकडे कापडाच्या लूमवर आहे, आणि माणसं शेजारच्या गल्लीत गेल्यासारखी सुरतेला जाऊन येतात. पण मी गेले ती स्वतः गाडी चालवत, एकटी आणि सबंध रस्ताभर भीत. भीतीनं रस्ता फार लांब होतो.

मी जन्माची भित्री. पाल, उतार, अवेळी वाजलेला फोन, सगळ्याला भिते. आमच्या ह्यांना ते पक्कं माहीत होतं, त्यामुळे घरातली वाईट बातमी मला नेहमी निवल्यावर मिळायची. दिरांचा अपघात मला कळला तो त्यांचे टाके निघाल्यावर. हे गेले, आणि हीच रीत पुढे मुलीनं, सोनलनं चालवली. मला त्यात बरंच वाटायचं. त्यातून माझी नोकरी अंगणवाडी पर्यवेक्षिकेची. गरोदर बाईला काय काय होऊ शकतं ते मला तोंडपाठ, आणि गावोगाव बायकांना बसवून तेच सांगायचं. म्हणजे भ्यायचं कसं, हे सरकारनं मला पगार देऊन शिकवलं.

सोनलचा सातवा महिना संपत आला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमच्याकडची रीत. आठव्यात सुनेला वेस ओलांडू देणार नाही, असं विहीणबाईंनी आधीच बजावून ठेवलं होतं. म्हणून ठरलं असं, की संक्रांत लेकीकडे सुरतेत, लिंबायतला करायची आणि सण उरकल्यावर तिला घेऊन यायचं. एसटीचे धक्के नकोत म्हणून ह्यांची जुनी डिझेल गाडी काढली.

गाडीचं दुखणं असं होतं. डिझेलच्या इंजिनात ठिणगी पडत नाही. गार इंजिन सुरू व्हायचं तर आत आधी ऊब लागते, आणि ती ऊब देणाऱ्या बोटभर कांड्या असतात, त्यांना हीटर प्लग म्हणतात. किल्ली अर्धी फिरवली की समोर वेटोळ्याचा पिवळा दिवा लागतो. तो विझला की आत ऊब झाली, मग सुरू करायचं. माझ्या गाडीचा दिवा विझायच्या ऐवजी लुकलुकायला लागला होता.

"ताई, प्लग गेले," आमचा साक्रीचा गॅरेजवाला म्हणाला. "एकदा तापली की चिंता नाही. गार पडली की रुसणार. आता माझ्याकडे नाहीत, सुरतेत टाकून घ्या."

'गार पडली की रुसणार' एवढंच माझ्या डोक्यात राहिलं.

भोगी

निघाले त्या सकाळी साक्रीत बोचरी थंडी. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमली, मी रडकुंडीला आले, तेव्हा कुठे गाडीनं पांढरा धूर ओकला आणि खडखडत सुरू झाली. शेजाऱ्यांच्या ओट्यावर वाळत घातलेले कपडे धुरात गेले. त्यांच्याकडे न बघता मी निघाले.

दहिवेल मागे पडलं तरी दिवा लुकलुकतच होता. कोंडाईबारीचा घाट समोर, पुढे ऊस भरलेला ट्रक, मागे हॉर्न, आणि नाकासमोर तो पिवळा दिवा डोळे मिचकावतोय. माझी पाचावर धारण बसली. घाटापूर्वी गाडी कडेला घेतली, पर्समधून टिकल्यांचं पाकीट काढलं (ह्यांच्यामागेही मी टिकली सोडलेली नाही), त्यातली मोठी मरून टिकली निवडली आणि बरोबर त्या दिव्यावर लावून टाकली. दिवा दिसेनासा झाला. खरं सांगते, घाट त्यानंतर निम्मा झाला.

इंजिन मात्र मी कुठेही बंद केलं नाही. गरम असताना लगेच सुरू होईल असं सांगितलं होतं, पण माझा विश्वास बसेना. नवापूरला चहा गाडीतच मागवला. हॉटेलवाला दोनदा म्हणाला, "बाई, बंद करा ना, धूर भज्यांवर येतोय." मी ऐकू न आल्यासारखं केलं. व्याऱ्याच्या पुढे मात्र अडचण झाली. चहानं आपलं काम केलं होतं, आणि चालू गाडी किल्लीसकट टाकून उसाच्या आड जायचं कसं? कडेला ऊसतोडीच्या बायका बसल्या होत्या. त्यातल्या एकीला मी मोडक्या गुजरातीत विनवलं, तर ती हसून म्हणाली, "मावशी, आपलं बोला ना. मी पिंपळनेरकडनी शे. जा तुम्ही, मी उभी राहस." आणि दोरी सुटलेली गाय धरावी तशी दाराचं हँडल धरून उभी राहिली. परत आले तेव्हा मी तिच्या हातात तिळाचे लाडू ठेवले. तिनं ते पदराला बांधले आणि म्हणाली, "लेकले सांभाळीसन आना." मी तिला लेकीबद्दल कधी बोलले ते मला आठवेना. घाबरलं की मी बडबडते.

कडोदऱ्यापासून सुरत सुरू होते आणि माणसाला ते कानांनी कळतं. दुपार कलताना लिंबायतच्या गल्लीत शिरले. दोन्ही बाजूंनी लूमचा खडखडाट, वर तारांचं जाळं, आणि त्या तारांत आदल्या दिवसांपासून अडकलेले पतंग. दुचाकीवाल्यांनी मांज्यापासून वाचायला हँडलवर तारेच्या कमानी बसवलेल्या, गळ्याला मफलर. ते बघून माझा हात आपोआप माझ्या गळ्याकडे गेला.

जावई किशोरराव दारातच उभे होते. एम्ब्रॉयडरीच्या मशिनवर काम करतात, स्वभावानं गरीब. मी उतरले, तोच त्यांनी अदबीनं हात आत घालून किल्ली फिरवली. "आई, बंद करून टाकली." आता ही पुन्हा सुरू होते कसली, असं म्हणत मी बोनेटवर हात ठेवला.

सोनल दारात आली. तोंड भरलेलं, गाल वर आलेले. मी म्हटलं, पोरीनं बाळसं धरलं. सुरतेत स्वेटरही नको अशी हवा, पण तिच्या पायात लोकरीचे मोजे होते. बोटातली लग्नाची अंगठी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात.

"अंगठी का काढली गं?"

"भांडी घासताना घसरते, आई."

मी तिच्या हाताचा पापा घेतला. मोजे घालते, म्हणजे शिकवलेलं ऐकते, असंही मनात आलं.

गाडी गरम आहे तोवर उधन्याच्या गॅरेजमध्ये नेऊ, असं मीच टुमणं लावलं. किशोरराव शेजारी बसले. गॅरेजवाले हसमुखभाई शटर अर्धं ओढून फिरकीला मांजा गुंडाळत बसले होते. त्यांनी आत डोकावलं आणि पोट धरून हसले.

"माशी, आ शुं? गाडीने चांल्लो कर्यो?"

मावशीला ते माशी म्हणतात, टिकलीला चांल्लो. मी ओशाळले. ते पुढे हिंदीवर आले. "तीन प्लग गये हैं, शायद चारों. गरम इंजन में ही निकलते हैं, जबरदस्ती की तो अंदर टूट जाता है. आज आदमी नहीं है, कल उत्तरायण, परसों वासी उत्तरायण. उसके बाद आना. और माशी, वो चांल्लो निकाल दो. बत्ती जलती है तो कुछ बोलती है."

मी हो म्हटलं आणि टिकली तशीच ठेवली. एवीतेवी दोन दिवस गाडी हलणार नव्हतीच.

रात्री विहीणबाईंनी, कलाबाईंनी, भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी वाढली. त्या सुरतेत आयुष्य काढून बसल्या, पण घरात अहिराणीशिवाय बोलत नाहीत. सोनल दोन घास खाऊन उठली. "बाळ वर आलंय, जागा नाही," म्हणाली. कलाबाई तिच्याकडे बघत राहिल्या, मग माझ्याकडे, मग ताटात. मी ते पाहिलं आणि विहिणींचं काही असतं, म्हणून सोडून दिलं.

संक्रांत

सुरतेत ह्या दिवशी जमिनीवर कोणी नसतं. पहाट झाली की माणसं, म्हाताऱ्या, पाण्याची पिंपं, गाण्यांचे भोंगे, सगळं गच्चीवर. रस्ते ओस आणि आकाशात पाय ठेवायला जागा नाही. आमच्याकडे संक्रांत म्हणजे बायकांची, वाण आणि हळदीकुंकू. इथे ती पुरुषांची, आणि ती चढलेल्या आवाजात भांडत-हसत साजरी होते. दुपारी शेजारच्या गुजराती भाभींनी गच्चीवरूनच उंधियूचं पातेलं पुढे सरकवलं. सुरती पापडी, रताळं, कंद, वांगं, मेथीचे मुटके. मी चाखून म्हटलं, ही तर आपली भोगीचीच भाजी, फक्त तेलात पोहायला शिकलेली. संध्याकाळी पोंक खाल्ला. आपल्या हुरड्याचाच भाऊ, पण कोवळा, बरोबर तिखट शेव आणि लिंबू. हुरडा आपण शेतात शेकोटीशी बसून खातो. इथे तो कागदाच्या पुड्यात मिळतो आणि चौथ्या मजल्यावर खातात. चवीला मात्र मी नाव ठेवणार नाही.

भीती होतीच. गच्चीला कठडा गुडघ्याएवढा, आणि पोरं मागे न बघता मागे सरकत होती. मी सोनलची खुर्ची जिन्याच्या खोलीला टेकवून ठेवली आणि तिच्यासमोर उभी राहिले. ती मोजे घातलेले पाय खुर्चीखाली ओढून बसली होती, ओढणी कपाळावर घट्ट.

"डोकं दुखतंय का?"

"ऊन लागतंय गं." मग आकाशाकडे बघत म्हणाली, "आई, तो लाल पतंग एक आहे की दोन?"

"एकच आहे. नवऱ्यासारखा चष्मा लागला बघ तुला," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी हसलो.

हे लिहिताना माझा हात थांबतो. जे वाक्य मी शेकडो बायकांना सांगितलं, सूज, डोकेदुखी, नजरेपुढे धूसर किंवा दोन-दोन दिसणं, ते माझ्या समोर खुर्चीवर बसलं होतं. आणि मी त्याला चष्मा लावला.

कर

संक्रांतीचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडे कर. करीला शुभ काम करत नाहीत, कोणी गावाला निघत नाही. सुरतेत हाच दिवस वासी उत्तरायण, उरलेल्या पतंगांचा आणि उरलेल्या उंधियूचा. मी उठले तेव्हा वरच्या गच्च्यांवर भोंगे सुरू झाले होते.

सोनल मोरीत भिंतीला धरून उभी होती. उलटी झालेली. "आई, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे चांदण्या येतायत." तिला खाटेवर बसवलं आणि पाय वर घेताना तिचे मोजे ओढले. लवकर निघेनात. निघाले तेव्हा मोज्याचा काठ कातडीत रुतलेला, आणि पाय भिजवलेल्या पावासारखे. मी बोटानं दाबलं. खड्डा पडला आणि तसाच राहिला.

पुढची पायरी मला तोंडपाठ होती. पुढे झटके येतात, आणि मग आई नाहीतर बाळ. कधी दोघंही. अशा एका घरी मी नोकरीच्या कामानं गेले होते. त्या घराचं दार मला आजही दिसतं.

किशोररावांनी रुग्णवाहिकेला फोन लावला. निघते म्हणाले, पण मांज्यानं कापलेल्यांचा दिवस तो, आणि मला उभं राहवेना. रिक्षा दिसेना, रिक्षावालेही गच्चीवर. मी किल्ली घेऊन गाडीशी धावले.

कलाबाई मागे आल्या. "इहीनबाई, आज कर शे," असं त्या म्हणाल्या, आणि लगेच स्वतःच तोंडावर हात ठेवून म्हणाल्या, "जाऊ द्या ती कर. चाला."

किल्ली फिरवली. इंजिन कण्हलं. पुन्हा फिरवली. पुन्हा. दोन रात्री उभी राहून ती गार पडली होती, आणि ऊब देणाऱ्या कांड्या मेलेल्या. प्रत्येक वेळी कण्हणं बारीक होत गेलं, आणि शेवटी नुसतं 'टक' वाजलं. बॅटरी संपली. किल्ली हातातून पडली. मी देवाला काय काय बोलले ते लिहीत नाही.

तेवढ्यात गल्लीच्या मधोमध उभ्या राहून कलाबाईंनी पदर खोचला आणि वर तोंड करून आरोळी ठोकली. लूमच्या खडखडाटावर मात करायची सवय झालेला तो आवाज, भोंग्यांनाही पुरून उरला.

"धक्का माराले या रे सम्दा! मनी सून बिमार शे! गाडी सुरू नही होई राह्यनी!"

क्षणभर काहीच झालं नाही. मग वरचं एक गाणं बंद झालं. मग दुसरं. मी वर पाहिलं, तर गल्लीवरचे पतंग एकेक करून सैल पडत चालले होते. माणसांनी मांजा जिथल्या तिथे सोडून दिला होता. जिने धडधडले. रात्रपाळी करून झोपलेले उठले, गुजराती भाभींचे यजमान बनियनवर आले, ओडिया कारागीर आले, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेले हात गाडीला मागून भिडले.

सोनलला आत बसवून धक्का द्यायला मी तयार नव्हते. ती कलाबाईंच्या खांद्यावर मान टाकून ओट्यावर बसली, डोळे मिटून. "दुसऱ्या गिअरमध्ये टाका, आई, आणि मी ओरडलो की क्लच सोडा," किशोरराव म्हणाले. गाडी हलली. गल्ली संपली, रेल्वेखालच्या गरनाळ्याचा, म्हणजे बोगद्याचा उतार लागला. उताराला मी जन्मभर भ्याले, आणि त्या सकाळी देवाकडे तोच मागत होते. "सोडा!" गाडीनं हिसका दिला, बंद पडली. पुन्हा धक्का. "सोडा!" पुन्हा हिसका, आणि मागे एवढा पांढरा धूर उठला की माणसं दिसेनाशी झाली. त्या धुरातून आधी खोकला आला आणि मग आरडाओरडा. गाडी सुरू झाली होती.

मी गाडी वळवून ओट्याशी आणली आणि किशोररावांनी सोनलला मागे आडवं निजवलं. कलाबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. रस्त्यात तुटलेला मांजा दोनदा काचेवर आडवा आला. आरशात मी फक्त तिचे पाय बघत होते, ते थरथरतात की गाडीच थरथरतेय, हे मला कळत नव्हतं.

"आई," ती मागून हळूच म्हणाली, "तिथं टिकली का लावलीस?"

"कुठं?"

"समोर. दिव्यावर."

"तो घाबरवतो गं मला. म्हणून."



मोठ्या दवाखान्याच्या फाटकाशी पहारेकरी म्हणाला, "इंजन बंद करो." दोनच दिवसांपूर्वी हे ऐकून मी हुज्जत घातली असती. मी किल्ली काढली आणि धावले. गाडी पुन्हा सुरू होईल की नाही, हा विचार मनात आलाच नाही.

आत डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, आकडा बघून नर्सला हाक मारली आणि सुई देता देता सोनलला विचारलं, "सूजन कितने दिन से है?"

"पंधरा-बीस दिन."

"घर में किसी को बताया नहीं?"

"सासूमाँ को मालूम था." सोनलनं माझ्याकडे पाहिलं नाही. "मैंने ही मना किया था. बोला, मायके जाकर दिखा दूँगी. मेरी मम्मी बहुत डरती है."

कलाबाई दाराशी उभ्या होत्या. "माले शपथ घाली तिनी," त्या एवढंच म्हणाल्या आणि डोळ्यांना पदर लावला. मला त्यांचा राग यायला हवा होता. पण त्यांच्याइतकाच दोष ज्याचा, तो माणूस मी रोज आरशात बघते. मी तशीच बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. टिकली काढली. किल्ली अर्धी फिरवली, तर मेल्या बॅटरीवरही दिवा अंधुक लागला आणि लुकलुकू लागला. मी त्याच्याकडे बघत, तोंडात पदर कोंबून रडले.

त्यानंतर

सोनलला डॉक्टरांनी परत सोडलं नाही. दोन आठवडे औषधांवर रक्तदाब धरून ठेवला आणि मग ऑपरेशन केलं. मुलगी झाली. काचेच्या पेटीत ठेवलेली, माझ्या तळहाताहून थोडी मोठी. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं होतं, ते सासरच्या गावी झालं, आणि लेकीच्या घरचं सणाखेरीज पाणीसुद्धा पिऊ नये असं मानणाऱ्या घरातली मी, महिनाभर कलाबाईंच्या ताटात जेवले. बाळ पेटीतून बाहेर आलं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांना आम्ही शिरा वाटला.

हसमुखभाईंनी चारही प्लग बदलले. गाडी त्यांच्याच माणसांनी धक्का मारून सुरू करून, तापवत नेली होती. टिकलीची जागा रिकामी बघून त्यांनी एका फडक्यानं तिथला गोंद पुसून दिला.

परत निघालो ती सकाळ गार होती. मागे सोनल, तिच्या मांडीवर दुपट्यातलं बाळ. किल्ली अर्धी फिरवली. पिवळं वेटोळं लागलं. मी थांबले. ते विझलं, आणि गाडी एका दमात सुरू झाली. तरी मी घाबरले होते. घाट होता, उसाचे ट्रक होते, एवढासा जीव मागे होता.

व्याऱ्याच्या अलीकडे सोनल म्हणाली, "आई, टाक्यांपाशी दुखतंय."

मी गाडी कडेला घेतली, बंद केली आणि मागे वळले.

"कुठं? नीट सांग. आणि अजून कुठे काही होत असलं तर तेही सांग."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. "तू घाबरलीयस."

"हो, घाबरलेय," मी म्हटलं. "तू सांग."